सेकंदकाटा खुणेवर पडत नाही : लेकीच्या घड्याळाचा अर्ध्या वर्षाचा अनुभव

घड्याळ घेतलं तेव्हाच लिहिणार होते. पण आठवडाभर वापरून पाच स्टार देणाऱ्यांचं मला हसू येतं. मांडवात पाऊल टाकता टाकता जेवण छान झालं म्हणून सांगावं, तसलं ते मत. आता अर्धं वर्ष होत आलंय. मधे एकदा घड्याळ बंद पडतंय की काय असं झालं, सर्व्हिस सेंटरशी वाजलं, पट्टे बदलून झाले, आणि एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. ती येईलच पुढे.

कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. एक मुद्दा अजून मिटायचा आहे, तोवर कुणाला बदनाम करायचं नाही. ओळखणारे ओळखतील: लेडीज, सेलवर चालणारं क्वार्ट्झ, ३२ मिलिमीटरची स्टीलची केस, पांढरी तबकडी, एक ते बारा सगळे आकडे, सफायर काच, पाण्याला ५० मीटर. किंमत दहा हजारांच्या आतबाहेर.

लेक बी.एस्सी. नर्सिंग झाली आणि लगेच मिरजेत एका हॉस्पिटलला लागली. पदवीचं काहीतरी चांगलं द्यायचं हे नक्की होतं. आमच्या ह्यांचं म्हणणं, सोनं घे. "घड्याळाला उद्या मोडीत कोण विचारतो?" मुद्दा खोटा नाही, मीही पतसंस्थेत काउंटरला बसते, सोनंतारण रोज बघते. पण ड्यूटीवर अंगठी चालत नाही, बांगडी चालत नाही, म्हणजे दागिना कपाटातच राहणार. घड्याळ मात्र तिचं हत्यार आहे. नाडी मोजायची, श्वास मोजायचा, सलाईनचे थेंब मोजायचे.

थेंबांचा हिशेब तिनं एकदा मला जेवताना समजावला, तेव्हापासून मी घड्याळाकडं वेगळ्या नजरेनं बघते. डॉक्टर लिहितात, ५०० मिली आठ तासांत. साध्या सेटमधून एका मिलीला २० थेंब पडतात. म्हणजे दहा हजार थेंब, ४८० मिनिटं, मिनिटाला साधारण २१ थेंब. पंप लावला असेल तर तो बघतो, पण प्रत्येक खाटेला पंप कुठून असणार? मग एक डोळा थेंबावर, एक डोळा सेकंदकाट्यावर, आणि बोटानं चाक फिरवत थेंब जुळवायचा. नाडीचंही तेच. नियमित असली तर तीस सेकंद मोजून दुप्पट, कधी पंधरा सेकंद मोजून चौपट. अनियमित असेल तर पूर्ण मिनिट.

त्यामुळं माझी अट एकच होती: सेकंदकाटा पाहिजे, आणि तो लांबून दिसला पाहिजे.

ही अट घेऊन लेडीज घड्याळांच्या काउंटरला जाऊन बघा. निम्मा ट्रे तिथंच बाद होतो. टायटनच्या 'रागा' ह्या लेडीज मालिकेत एकेक घड्याळ असं की दागिना बाजूला ठेवावा, पण बऱ्याच मॉडेलांत दोनच काटे. टायटनचंच पातळ 'एज' मला स्वतःला आवडलं होतं. त्याचं पहिलं मॉडेल जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचं होतं म्हणे, हातात घेतलं तर वजनच लागत नाही. पण दाखवलेल्या पीसला तिथंही तास-मिनिटांवरच कारभार. साडीवर घालायला उत्तम. नाडी कशी मोजणार?

भावाचं म्हणणं एचएमटी घे, आपल्या दादांकडं 'जनता' मॉडेल होतं तसं. आठवण म्हणून ठीक. जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ साली बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली त्या कंपनीनं, आणि २०१६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. आता ऑनलाइन जी चकचकीत रंगीत एचएमटी दिसतात, त्यांतल्या पुष्कळशांच्या तबकड्या नव्यानं रंगवलेल्या असतात. वर ती रोज चावीची, आणि पाण्याशी वैर. दिवसात शंभर वेळा हात धुणाऱ्या मुलीला ते देऊन काय करू?

भाचा ऑटोमॅटिकच्या मागं लागला होता. मागच्या काचेतून चाकं दिसतात, हात हलला की आपोआप चावी बसते, सगळं खरं. पण स्वस्तातल्या ऑटोमॅटिक मशीनला कंपनीच दिवसाला वीस सेकंद मागं ते चाळीस सेकंद पुढं एवढी सवलत घेते. दिवसाला! साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा-वीस सेकंदांत राहतं. आणि सुट्टीला दोन दिवस काढून ठेवलं की ते बंद. स्मार्टवॉचचा विषय लेकीनंच संपवला: "आई, मोबाइलच चार्ज करायला वेळ मिळत नाही."

घड्याळ सांगलीतच घेतलं. ऑनलाइन हजारभर कमी पडत होतं, पण मला काटा चालताना बघायचा होता. दुकानात मी घड्याळ डोळ्यासमोर उभं धरून पूर्ण एक फेरा बघितला. बारापासून पाचपर्यंत काटा बरोबर खुणेवर. सहा ओलांडले, आणि सातपासून पुढं काटा खुणेच्या अलीकडंच थांबायला लागला. एका बारक्या रेघेएवढं अंतर. अकराच्या पुढं परत जागेवर. सेल्समनला दाखवलं. तो आधी घड्याळाकडं बघतोय, मग माझ्याकडं. "मॅडम, एवढं कोण बघतंय?" मी म्हटलं, मी बघतेय. दुसरा पीस काढायला लावला, तो बारापासूनच अर्ध्यावर. तिसरा नव्हता. मग पहिलाच घेतला.

आता काहीजण म्हणतील, बाई वेड लागलंय. लागू दे. संध्याकाळी आमची कॅश एक रुपयानं मिळाली नाही तर आम्ही घरी जात नाही. दहा हजारांच्या वस्तूचा काटा खुणेवर पडावा ही काय फार मोठी मागणी आहे?

आधी चांगलं सांगते. सफायर काच हा खर्च वसूल आहे. धुळीतली वाळू ही क्वार्ट्झच, कठीणपणाच्या मापावर ७; सफायर ९. साधी मिनरल काच वाळूपेक्षा मऊ, म्हणून ती वर्षभरात धूसर दिसायला लागते. आमच्या घड्याळाची काच आजही दुकानातून आणल्यासारखी आहे. आणि त्याला काय काय सोसावं लागतं ते ऐका. लेकीची ड्यूटी आयसीयूला लागली की कोपरापासून खाली हात मोकळा, म्हणजे घड्याळ काढून खिशात. त्याच खिशात कात्री, पेन, चाव्या. केसच्या कडांना ओरखडे आलेत, पॉलिश गेलंय. काचेवर एक रेघ नाही.

पट्ट्याबाबत मात्र मत बदलत गेलं. कंपनीचा पट्टा चामड्याचा, तपकिरी, सुरेख शिवण. सॅनिटायझरनं महिन्याभरात तो कडक पडून भेगाळला, आणि पावसाळ्यात असा वास सुटला की डबा उघडला की कळायचं घड्याळ घरात आहे. मग स्टीलची साखळी बसवली, कड्या काढून मापात आणली. मला वाटलं, सुटलो. तर तिच्या कुलपाच्या कडेत ग्लोव्ह अडकून फाटायला लागला. शेवटी साधा काळा सिलिकॉनचा पट्टा आणला, तीनशेच्या आतला. साबणानं धुता येतो, वाळतो, ग्लोव्ह फाडत नाही. दिसायला शाळेतल्या पोराच्या घड्याळासारखा दिसतो, पण लेक खूष. लग्नाकार्याला साखळी. बदलायला सोपं, कारण पट्ट्याच्या पिनेलाच बारकी कळ आहे, नखानं दाबली की सुटते. घेताना ही कळ आहे का ते बघाच, नाहीतर दर वेळी दुकान गाठावं लागतं. आणि पट्ट्याची रुंदी विचारून घ्या. लेडीजमध्ये १४, १६ असं सम माप असलं तर कुठंही मिळतो. विषम निघालं तर शोधत बसा.

रात्रपाळीची एक तक्रार आहे. तास आणि मिनिटकाट्याला अंधारात चमकणारा लेप आहे, ज्याला आपण अजून रेडियम म्हणतो. आता त्यात रेडियम नसतं, उजेड पिऊन ठेवणारी पूड असते, त्यामुळं पहाटेपर्यंत ती मंद होत जाते. ते चालेल. पण सेकंदकाट्याला लेपच नाही! ज्या काट्याचं काम तोच आंधळा. लेक खिशातल्या पेन टॉर्चनं बघते.

आता मुख्य भानगड. एका रात्री ड्यूटीवरून तिचा फोन: "आई, काटा उड्या मारतोय." एक एक सेकंद चालायच्या ऐवजी काटा थांबायचा आणि एकदम चार सेकंद पुढं पडायचा. परत थांबायचा, परत चार. वेळ मात्र बरोबर. पण पंधरा सेकंदांची नाडी अशा काट्यावर कशी मोजणार? सोळावर जातो किंवा बारावर राहतो. तिनं ती रात्र वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळावर काढली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला फोन. तिकडून सरळ उत्तर, "मशीन गेलंय मॅडम. बदलावं लागेल. अठ्ठावीसशे होतील, पाच-सहा आठवडे लागतील."

मी म्हटलं, "मशीनला दोन वर्षांची वॉरंटी आहे ना? मग अठ्ठावीसशे कसले?"

थोडा वेळ शांतता. "मग सेल असेल मॅडम. सेल वॉरंटीत येत नाही."

एका फोनमध्ये निदान बदलणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला. घड्याळ त्याच संध्याकाळी घेऊन गेले हरभट रोडच्या बाजूला बसणाऱ्या एका जुन्या घड्याळजींकडं. चिंचोळं दुकान, भिंतीवर २०१९ च्या महापुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. काकांनी डोळ्याला भिंगसुद्धा लावलं नाही. काट्याच्या दोन उड्या बघितल्या आणि म्हणाले, "ताई, बिघडलंय कोण म्हणालं? सेल संपत आलाय एवढंच सांगतंय ते."

मग त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांना माहीत असावं म्हणून लिहिते. आत क्वार्ट्झचा बारका तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सर्किट तो आकडा निम्मा, परत निम्मा, असं पंधरा वेळा करत सेकंदाला एक ठोका काढतं आणि त्या ठोक्यावर काटा एक घर पुढं जातो. सेलचा जोर उतरला की बऱ्याच मशीनमध्ये सर्किट मुद्दाम चार ठोके साठवून एकदम देतं, म्हणजे बघणाऱ्याच्या लक्षात यावं. थोड्या दिवसांत सेल बदलायचा, एवढाच त्याचा अर्थ. काका म्हणाले, फार लांबवू नका, संपलेला सेल आत राहिला तर पाझरतो आणि मग खरंच मशीन जातं. घड्याळ उघडायला मात्र त्यांनी स्वतःच नकार दिला. "मी उघडलं तर तुमची वॉरंटी जाईल." पैसे घेतले नाहीत. दोन वेळा पुढं केले, दोन्ही वेळा हातानं बाजूला सारले.

नवं घड्याळ आणि काही महिन्यांत सेल संपतो कसा? वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पहिला सेल कारखान्यात तपासणीपुरता घातलेला आहे, त्याचं आयुष्य कमी असू शकतं. तो कारखान्यात चालू होतो, गोदामात चालतो, दुकानाच्या काचेआड चालतो, आणि बिल मात्र आपल्या नावावर त्या दिवशी होतं. चावी बाहेर ओढून ठेवली, मधे प्लॅस्टिकची चकती अडकवली, तर काटे थांबतात आणि सेल वाचतो. आमच्या दुकानात काचेमागची सगळी घड्याळं टिकटिकत होती. दुकानात हे बघून ठेवा, आणि सेल नवा घालून द्या म्हणून तिथंच म्हणा.

मी बिल, कार्ड आणि काट्याचा व्हिडिओ जोडून कंपनीला लेखी पाठवलं. आठवडाभर काही नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्याच्या पुढं जिल्हा ग्राहक आयोग असतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी पडत नाही. सेलसाठी आयोगाची पायरी चढायची माझी इच्छा नव्हती, पण फी नसल्याचा उल्लेख पत्रात केला होता. सर्व्हिस सेंटरचा सूर बदलला. सेल फुकट, मागच्या झाकणाचं रबर नवं, वर पाण्याची दाबाची चाचणी करून कागद दिला.

त्या चाचणीचं महत्त्व सांगते. झाकण उघडलं की रबर हललेलं असतं. चाचणी न करता परत दिलं तर तबकडीवरचे ५० मीटर नावालाच उरतात. आणि ५० मीटर म्हणजे विहिरीत सूर मारायची परवानगी नव्हे. हात धुणं, पाऊस, थोडंफार पोहणं. ३० मीटर लिहिलेलं असेल तर शिंतोड्यांपुरतं समजा.

परत आल्यापासून मशीनबद्दल तोंड उघडायला जागा नाही. मोबाइलशी लावून बघते अधूनमधून, महिन्याला सात-आठ सेकंद पुढं जातं, बस्स. सर्व्हिस सेंटरवर चिडून मी मनात दोन स्टारपर्यंत आले होते. तो राग घड्याळावर काढण्यात अर्थ नाही, म्हणून घड्याळाचे वेगळे धरते.

राहिला काटा. तक्रारीत तोही मुद्दा लिहिला होता. उत्तर आलं, "कंपनीच्या मर्यादेत आहे." मर्यादा किती, ते लिहा म्हटलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

घड्याळजी काकांनी मात्र एक गंमत दाखवली. घड्याळ काउंटरवर आडवं ठेवलं आणि म्हणाले, आता बघा. सातच्या पुढचा फरक निम्म्यानं कमी! परत डोळ्यासमोर उभं धरलं, परत काटा मागं. चाकांच्या दात्यांत थोडी ढील ठेवावीच लागते, नाहीतर ती फिरणार कशी. घड्याळ उभं असलं की सहाकडून बाराकडं चढताना काटा स्वतःच्या वजनानं त्या ढिलीएवढा मागं लोंबतो. उतरताना पुढं सरकतो, म्हणून तिकडं बरोबर दिसतो. आडव्यात वजनाचा प्रश्नच नाही. म्हणजे अर्धा फरक ढिलीचा, तो मी सोडून दिला. उरलेला अर्धा काटा बसवणाऱ्या हाताचा, तो मी सोडणार नाही. काटा नुसता दाबून बसवलेला असतो, काढून परत नीट बसवायला जाणत्या माणसाला फार वेळ लागत नाही.

लेकीला ह्या सगळ्याचं काही नाही. "आई, नाडी मोजताना काटा कुठून निघाला आणि परत तिथं कधी आला एवढंच बघतात. खुणेवर थांबला का हे कोण बघतंय?" हिशेबानं तिचं बरोबर आहे. आमचे हे तर मी घड्याळ उचललं की पेपर वर धरतात.

कुणी विचारलंच तर: नर्सिंग, फिजिओथेरपी, लॅब, असल्या पोरींसाठी हे घड्याळ डोळे झाकून घ्या, फक्त दुकानात डोळे उघडून घ्या. चामड्याच्या पट्ट्याचे जादा पैसे देऊ नका. बजेट वाढवता येत असेल तर उजेडावर चालणारं सोलर बघा, सेलची कटकट तरी वाचते. जाऊबाईंची मुलगी पुढच्या वर्षी डी.फार्म. होतेय, तिच्यासाठी मी तेच बघणार आहे.

माझे घड्याळाला साडेतीन स्टार, सर्व्हिसला एक, आणि तोही १९१५ मुळं. कंपनीनं मर्यादेचा आकडा लेखी दिला तर इथंच लिहीन. नाही दिला तर वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काटा काकांकडून बसवून घेणार आहे. काकांना सांगून ठेवलंय. लेकीला अजून सांगितलेलं नाही, ती घड्याळ एक दिवस काढून द्यायला तयार होणार नाही.